न सांगायचं दुखणं

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे लखनौला राहायला आल्या, आणि महिन्याभरात आमच्या दोघींचं बोलणं जवळजवळ बंद पडलं. भांडण असं काही झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, असं मला तेव्हा वाटायचं.

माझा नवरा रेल्वेत इंजिनियर. आलमबागेत आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे सिमेंटचं अंगण आणि अंगणाच्या कडेला न्हाणीघर. महिन्यातले निम्मे दिवस तो पुलांच्या कामावर लाइनवर असायचा. मुलगी दुसरीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती हिंदीतच द्यायची. सासूबाईंना मी आईच म्हणत असे. त्यांचं वय एकसष्ट, सासरे जाऊन नऊ वर्षं झालेली. हिंदी त्यांना ‘कितना’ आणि ‘नहीं चाहिए’ एवढीच यायची. त्यामुळे दिवसभर घरात बोलायला त्यांना मी आणि मला त्या.

पूर्वी दोनदा त्या आल्या होत्या तेव्हा छान जमलं होतं. या खेपेला मात्र आल्या दिवसापासून काहीतरी बिनसलं होतं. दिवसातून दोनदा, कधी तीनदा आंघोळ करायच्या, तेही डिसेंबरच्या थंडीत. आपले कपडे मला धुवायला देत नव्हत्या. मोलकरणीला तर हातही लावू द्यायच्या नाहीत. मुलगी पूर्वी त्यांच्या कुशीत झोपायची, तिला त्यांनी चौथ्या दिवशीच आमच्या खोलीत पाठवलं. ‘लाथा मारते,’ म्हणाल्या. मुलगी रडवेली होऊन मला विचारायची, ‘मम्मी, आजी मुझे अपने पास क्यों नहीं सुलातीं?’ सोफ्यावर बसायच्या नाहीत, स्वतःचा पाट घेऊन बसायच्या. महिन्यातून एकदा लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत कुणाच्या तरी घरी मराठी बायकांचं भजन असायचं. पूर्वी त्या माझ्या आधी तयार व्हायच्या. आता म्हणाल्या, ‘तू जा. माझे गुडघे दुखतात.’

मी याचा सरळ अर्थ लावला. माझ्या माहेरी सोवळंओवळं कुणी पाळलं नव्हतं, आणि लग्नाच्या वेळी यावरून थोडी कुजबुज झाली होती. मला वाटलं, वय वाढलं तसं ते आता बाहेर येतंय. माझं घर, माझी मोलकरीण, माझं अंथरूण, सगळं त्यांना विटाळलेलं वाटतंय. मीही मग हट्टाला पेटले. त्यांचं ताट वेगळं वाढून ठेवायचे आणि स्वयंपाकघरात निघून जायचे. त्यांनी काही विचारलं तर ‘हो’ किंवा ‘नाही’. आंघोळीला तिसऱ्यांदा निघाल्या की मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, ‘रॉड लावू का परत? बिल येईल ते येईल.’ हे आठवलं की आजही कसंतरी होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात बसत नव्हती. त्यांनी देवपूजा सोडली होती. साताऱ्याहून येताना त्यांनी स्वतःचा बाळकृष्ण आणला होता. तो पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी माझ्या हातात दिला. ‘आता तूच करत जा,’ म्हणाल्या. देवघराकडे त्या फिरकेनात. लांबून हात जोडायच्या. नवऱ्याला मी फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘कंटाळली असेल.’ पण इतकं सोवळं पाळणारी बाई देवालाच कशी कंटाळेल, हे मला कळेना. कळायला हवं होतं. मी बाई होते, बत्तीस वर्षांची.

जानेवारी उजाडला आणि लखनौचं ते धुकं सुरू झालं. दुपारी बारापर्यंत समोरचं क्वार्टर दिसायचं नाही. अंगणातल्या दोरीवर कपडे तीन-तीन दिवस ओलेच. एके दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास बारीक पाऊस पडायला लागला. आई खोलीत पांघरूण घेऊन पडल्या होत्या. मी धावत अंगणात गेले आणि दोरीवरचे सगळेच कपडे, त्यांचेही, ओढून काढले. त्यांच्या परकराखाली, बाहेरून दिसणार नाही अशा बेताने, जुन्या पातळाच्या चार घड्या घातलेल्या पट्ट्या वाळत घातलेल्या होत्या. धुतलेल्या होत्या, तरी मधोमध तपकिरी डाग राहिले होते. एका पट्टीवर कडेला गुलाबी.

आम्हा बायकांना अशी घडी कशाची ते सांगावं लागत नाही. मी तशीच पावसात उभी राहिले.

मग न्हाणीघरात गेले. कोनाड्यात, साबणाच्या मागे, जखमा धुवायच्या जंतुनाशकाची बाटली होती. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ते. मुलीचे गुडघे फुटतात म्हणून मी महिन्यापूर्वी मोठी बाटली आणली होती. ती तळाला गेली होती. शेजारी तुरटीचा खडा होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

मी कपडे घेऊन आईंच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. त्या उठून बसल्या. माझ्या हातातली पट्टी त्यांना दिसली आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

‘ते खाली ठेव,’ त्या म्हणाल्या. ‘ठेव आधी. हात धुऊन ये.’

‘आई, कधीपासून?’

‘तुला काय करायचंय?’

‘कधीपासून सांगा.’

त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, ‘दसऱ्याच्या आधीपासून. रोज नाही. मधूनमधून. आग मात्र रोज होते. लघवीला गेलं की जीव जातो.’

म्हणजे तीन महिने झाले होते. दिवसभरात त्या दोन भांडी पाणीसुद्धा का पीत नाहीत, ते मला तेव्हा कळलं. लघवीला जायची भीती. एकसष्टाव्या वर्षी ही बाई मनाने स्वतःला बाजूला बसवून होती. देवाला शिवायचं नाही, नातीला जवळ घ्यायचं नाही, सोफ्यावर बसायचं नाही. आणि मी ते सगळं स्वतःवर ओढून घेतलं होतं.

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तू बोलत होतीस का माझ्याशी?’

मी पलंगाच्या कडेवर बसले. त्या सरकल्या नाहीत, एवढंच बरं वाटलं.

मग त्यांनीच सांगितलं. त्यांची थोरली बहीण, अक्का, कोरेगावला दिलेली. पाळी जाऊन सहा-सात वर्षं झाल्यावर तिला असंच सुरू झालं. तिने कुणाला सांगितलं नाही. आईंना कळलं तेव्हा अंगणात बसून अक्का पट्ट्या धूत होती. तिच्या घरच्यांनी उष्णता म्हणून सब्जा आणि गुलकंद दिला. पुढे वास येऊ लागला, पाय सुजले, आणि वर्षाच्या आत ती गेली. ‘तेच आहे मला,’ आई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. ‘मला माहितीये. मी तिकडेच राहणार होते, पण पोराला एकदा बघावं, नातीला बघावं म्हणून आले. संक्रांत झाली की मला गाडीत बसवून दे. परक्या मुलखात नको.’

‘डॉक्टरला न दाखवता कसं काय ठरवलंत तुम्ही?’

‘दाखवून काय होतं?’

‘उद्या जाऊ.’

‘मी नाही यायची. आणि त्याला एक शब्द कळता कामा नये. आईचं हे मुलाला कशाला?’

आम्ही तासभर हुज्जत घातली. शेवटी सौदा ठरला. त्या डॉक्टरकडे यायला तयार, मी नवऱ्याला सांगायचं नाही. रेल्वेच्या दवाखान्यात जायचं नाही, कारण तिथे नवऱ्याच्या नावावर कागद निघतो आणि दुसऱ्या दिवशी कॉलनीभर होतं. मी हो म्हटलं. त्या क्षणी त्यांना नेणं एवढंच माझ्या डोक्यात होतं. आपण काय कबूल करतोय याचा मी विचार केला नाही.

शेजारच्या क्वार्टरमधल्या भाभींना मी माझंच काहीतरी दुखतंय असं सांगितलं आणि चांगली लेडी डॉक्टर विचारली. त्यांनी महानगरातलं एक छोटं नर्सिंग होम सांगितलं. मुलीला शाळेतून आणायचंही कबूल केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोने निघालो. धुक्यात टेम्पो माणसाच्या चालीने जात होता. आठ माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि प्रत्येक खड्ड्याला आई माझा दंड घट्ट धरत होत्या. बसणंही त्यांना सोसत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. उतरल्यावर मी रिक्षा केली तर म्हणाल्या, ‘चालू या.’

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. स्वेटरवर पांढरा कोट, आवाज खाली. मी बोलायला लागले तर म्हणाल्या, ‘आप नहीं, अम्मा जी बताएँगी। आप बस ज़बान बन जाइए।’

ज़बान बनणं किती अवघड असतं! त्या खोलीत जे शब्द मी बोलले ते सासूसमोर काय, आईसमोरही कधी काढले नव्हते.

‘माहवारी बंद हुए कितने साल हुए?’

‘आई, पाळी जाऊन किती वर्षं झाली?’

‘बारा-तेरा.’ त्या टेबलाकडे बघून बोलत होत्या.

‘खुजली? जलन? सफ़ेद पानी?’

‘खाज येते का? आग? अंगावरून पांढरं जातं का?’

‘आग. कोरडं कोरडं वाटतं. पिवळसर जातं थोडं.’

डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला. पतीशी संबंध होते तेव्हा त्रास व्हायचा का, असं त्या विचारत होत्या. मी तो प्रश्न खाऊन टाकला आणि म्हटलं, ‘बाबूजी नहीं रहे, नौ साल हुए।’ डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘अच्छा। धोती किससे हैं?’

मी जंतुनाशकाचं आणि तुरटीचं सांगितलं. दिवसातून तीनदा. कापडाची घडी भिजवून आतूनसुद्धा. हे आत्ता पहिल्यांदा मलाही कळत होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘हे भगवान,’ असं काहीतरी पुटपुटल्या, आणि मग विचारलं, ‘ख़ानदान में किसी को कैंसर?’

या वाक्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. आईंनी तो शब्द ओळखला. ‘हो,’ त्या सरळ डॉक्टरांना म्हणाल्या. ‘बहीण. माझी बहीण.’

तपासायच्या टेबलावर चढायला त्यांनी दहा मिनिटं घेतली. पडदा ओढला. मी बाहेर थांबते म्हटलं तर त्यांनी माझं मनगट पकडलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. मी त्यांच्या उशाशी उभी राहून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. डॉक्टर म्हणत होत्या, ‘ढीला छोड़िए, बस हो गया,’ आणि मी म्हणत होते, ‘आई, अंग सैल सोडा, झालंच.’ त्यांच्या घशातून एक आवाज आला, आणि माझ्या मनगटावर नखं रुतली.

‘बहुत सूखा है,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘लाल है, छिला हुआ। रुई लगाते ही ख़ून आ रहा है।’

बाहेर येऊन बसल्यावर त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. पाळी गेल्यावर अंगातलं एक हार्मोन कमी होतं. त्याच्या जोरावर योनीची त्वचा जाड आणि ओलसर राहत असते. ते आटलं की ती पातळ आणि कोरडी होते, थंडीत ओठ फुटतात तशी. साधं घासलं गेलं तरी खरचटते, सुजते, आग होते, कधी रक्तही येतं. लघवीची जागा शेजारीच, म्हणून तिथेही जळजळ. पुष्कळ बायकांना होतं, सांगत कुणी नाही. आणि अशा खरचटलेल्या जागेवर अम्माजी तीन महिने जखमेचं औषध आणि तुरटी लावत होत्या.

मी हे मराठीत सांगत गेले तसा आईंचा चेहरा थोडा थोडा सैल होत गेला. ‘म्हणजे ते नाही?’ त्यांनी विचारलं.

मी तेच हिंदीत विचारलं. डॉक्टर लगेच हो म्हणतील असं मला वाटलं होतं.

‘मुझे लगता है यही है,’ त्या म्हणाल्या. ‘पर लगने से काम नहीं चलता। माहवारी बंद होने के बाद एक बूँद भी आए, तो अंदर की जाँच करनी ही पड़ती है। हर बार।’

आज त्यांनी एक नमुना घेतला होता. सोनोग्राफी करायची, आणि दोन दिवसांनी थोडी भूल देऊन गर्भाशयाच्या आतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवायचं. रिपोर्ट यायला आठवडा. उपाशीपोटी यायचं, बरोबर घरचं जबाबदार माणूस हवं.

‘बेटा आ जाएगा?’

‘मी आहे,’ मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, मग हिंदीत.

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. नवऱ्याचा लाइनवरून, गोंडा स्टेशनातून फोन आला. ‘आई कशी आहे?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘ठीक.’ साठी ओलांडलेली बाई, भूल देणार, आणि तिच्या एकुलत्या एका मुलाला पत्ता नाही. काही झालं तर मी त्याला काय तोंड दाखवणार होते? मी आईंना म्हटलं, ‘आता सांगू या त्यांना.’ त्यांनी फक्त मान हलवली. ‘कबूल केलंयस.’

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी नर्सिंग होमच्या फॉर्मवर सही केली. ‘मरीज़ से रिश्ता’ असा रकाना होता. मी ‘बहू’ लिहिलं. नर्सने फॉर्म पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘बेटी नहीं है कोई?’ नाही म्हटलं. आईंनी गळ्यातली माळ आणि हातातली एक बांगडी काढून माझ्याकडे दिली. आत जाताना म्हणाल्या, ‘त्याला दुधाची साय आवडते. काढून ठेवत जा.’ मी चिडून म्हटलं, ‘दुपारी घरी येणारात तुम्ही.’

पाऊण तासाने त्यांना बाहेर आणलं. तोंड उघडं, ओठ पांढरे. मला वाटलं, संपलं. नर्सने गालावर चापट मारली तेव्हा त्या पुटपुटल्या, ‘अक्का.’ मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. मी भिंतीला टेकून खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाही.

दुपारी तीनला आम्ही रिक्षाने घरी आलो, तर दारात नवरा उभा. धुक्यामुळे काम थांबलं म्हणून दोन दिवस आधी परत आला होता. कुलूप पाहून शेजारच्या भाभींकडे गेला, तर त्यांनी सांगितलं होतं की वहिनींची तब्येत बरी नाही, लेडी डॉक्टरकडे गेल्यात. त्याने आईला माझ्या आधाराने उतरताना पाहिलं. तिची पावलं अजून नीट पडत नव्हती.

आईंसमोर मी त्याला अहो म्हणायचे, एकटे असलो की तू. त्या दिवशी स्वयंपाकघरात त्याने मला गाठलं आणि विचारलं, ‘काय चाललंय काय? आजारी कोण आहे, तू का आई?’

‘तिलाच विचार,’ मी म्हटलं.

‘मी तुला विचारतोय. मी तीनदा फोन केला. तीनदा तू ठीक म्हणालीस.’

‘मी कबूल केलं होतं.’

‘कुणाला? काय?’ त्याचा आवाज चढला. ‘माझी आई आहे ती! उद्या काही झालं असतं म्हणजे?’

नेमकी मलाच खात असलेली गोष्ट त्याने बोलून दाखवली. मी रडले नाही, उलट मीही आवाज चढवला. तुझी आई आहे तर दोन महिने तुला काही दिसलं का, असं काहीसं बोलले. मलाही दिसलं नव्हतं, ते सोडून.

दारात आई उभ्या होत्या. भिंत धरून.

‘तिला बोलू नकोस,’ त्या म्हणाल्या. ‘मला खालून रक्त जात होतं. तीन महिने. तिने नेलं मला. आतलं काढून तपासायला पाठवलंय. कॅन्सर असेल नाहीतर नसेल, आठ दिवसांनी कळेल.’ एवढं बोलून त्यांना दम लागला. ‘मीच सांगू नको म्हटलं होतं. लाज वाटली. आता कळलं ना? संपलं.’

नवरा ओट्याला टेकून उभा राहिला. मग त्याने आईचा हात धरला, तिला पलंगावर नेऊन झोपवलं, पायांवर रजई घातली. परत आला तो सरळ गॅसकडे गेला आणि दूध तापवायला ठेवलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, त्याला गॅस पेटवताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. दूध उतू गेलं. आम्ही दोघांनी मिळून ओटा पुसला.

पुढचा आठवडा मी शत्रूलाही देणार नाही. आईंना जंतुनाशक बंद केलं होतं, नुसतं कोमट पाणी, तेही बाहेरून. पाणी भरपूर प्यायचं. मी तास तासाने ग्लास घेऊन उभी राहायचे आणि त्या नाइलाजाने प्यायच्या. आग थोडी कमी झाली होती. पण ते चांगलं लक्षण की काय, कुणाला विचारणार? नवऱ्याने रजा घेतली आणि तो घरात नुसता फिरत राहायचा. आईच्या खोलीत जायचा, वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, बाहेर यायचा. आई माझ्याशी मात्र आता खूप बोलायच्या. अक्काचं लग्न, अक्काची मुलं, तिने शिवलेली झबली. एकदा मधेच म्हणाल्या, ‘तिला कुणी नेलं असतं तर? मी नेलं असतं तर? मला तर दिसलं होतं.’

‘तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं, आई?’

‘तुला तरी काय माहीत होतं?’

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. नवरा बाहेरच्या बाकावर बसला. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, दोन कागद वाचले, पुन्हा वाचले. मला त्यांचा चष्मा ओढून काढावासा वाटत होता.

‘कैंसर नहीं है,’ त्या म्हणाल्या. आणि मग, मला भाषांतराची संधी न देता, आईंकडे वळून, एक एक शब्द तोडून: ‘अम्मा जी। कैंसर। नहीं। है।’

आईंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, रडतील. त्या रागावल्या. ‘मग तीन महिने मी काय भोगलं?’ त्या मराठीत म्हणाल्या. ‘उगाच?’ डॉक्टरांना शब्द कळले नसावेत, पण त्यांनी मान डोलावली. मी बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो उठला, रस्त्यापर्यंत चालत गेला आणि पाठ करून बराच वेळ उभा राहिला.

औषध म्हणजे एक मलम होतं, त्याच हार्मोनचं, अगदी थोड्या मात्रेचं. बरोबर मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची नळी. दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आईंनी ते चित्र पाहिलं नाही. घरी आल्यावर मला म्हणाल्या, ‘तूच सांग.’ मग दार लावून आम्ही दोघी पलंगावर बसलो, आणि मी त्यांना स्वतःच्या शरीरात काय कुठे असतं ते सांगितलं. लघवीची जागा वेगळी आणि ही वेगळी, हेही त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. तीन बाळंतपणं झाली होती त्यांची, त्यातली दोन मुलं राहिली नव्हती. त्या शांतपणे ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, ‘हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं.’ मला तरी कुणी सांगितलं होतं? मीही डॉक्टरांकडून नुकतं ऐकलं तेच त्यांना सांगत होते.

पहिले चार दिवस मलम लावल्यावर झोंबलं. त्या घाबरल्या आणि मीही. फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या, त्वचा सोललेली आहे, थोडं होईल, पण रक्त आलं तर त्याच दिवशी या. रक्त आलं नाही. तरी रोज सकाळी न्हाणीघराचं दार वाजलं की मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी राहायचे. त्या बाहेर येऊन नुसती मान हलवायच्या. नाही. महिनाभर हे चाललं. तीन आठवड्यांनी त्या लघवीला न घाबरता जायला लागल्या. मार्च उजाडला तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. त्या वेळी आईंनी माझं मनगट धरलं नाही, टेबलाची कड धरली.

होळीनंतर त्या साताऱ्याला परतल्या. बरोबर मलमाच्या दोन नळ्या, आणि एक कागद. त्यावर मी सगळं मराठीत लिहून दिलं होतं. साबण आत न्यायचा नाही, सुती कपडे, पाणी, तीन महिन्यांनी तपासणी, आणि पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी थांबायचं नाही, हे लाल शाईने.

उन्हाळ्यात त्यांचं अंतर्देशीय पत्र आलं. पत्रावर मायना माझ्या नावाचा होता, त्यांच्या मुलाच्या नव्हे. असं पहिल्यांदाच झालं होतं. खुशाली, आंबे, लग्नं, आणि खाली बारीक अक्षरात: ‘आपल्या गल्लीतल्या एका बाईंना मला होतं तसं होतंय. मी ओळखलं. माझ्यातलं मलम त्यांना देऊ का?’

मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. मलम देऊ नका. ते फक्त तुमच्यासाठी तपासून दिलंय. त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवा, आतली तपासणी व्हायलाच हवी. तुमचं साधं निघालं म्हणून त्यांचंही साधंच असेल असं नाही.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. उघडं कार्ड, पोस्टमननेही वाचलं असेल. आईंनी लिहिलं होतं, ‘पाठवलं असतं तर त्या गेल्या नसत्या. म्हणून मीच घेऊन गेले. पडद्याआड त्यांच्या उशाशी उभी राहिले. रिपोर्ट सोमवारी आहे.’